घरातला हो

"पोरगी हुशार दिसते, पण आवाजच न्हाई तिला," पार्टिशनच्या पलीकडून एक बाई म्हणाली.

"आवाज आपल्याकडं ढिगानं हायत," पुरुषाचा आवाज आला. हळू बोलायचा त्याचा प्रयत्न होता, पण तो हळू होणाऱ्यांतला आवाजच नव्हता. "मला कान पाह्यजे होते."

मी पार्टिशनच्या अलीकडे, बॅग मांडीवर धरून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. प्लायवूडचं ते पार्टिशन छताच्या बरंच खाली संपत होतं. ही गोष्ट त्या दोघांच्या लक्षात आलेली नसावी असं मला त्या दिवशी वाटलं. पुढे कळलं, की त्या ऑफिसात कुणाला काही लपवायचंच नसे, म्हणून ते अर्धं राहिलं तरी कुणाचं अडलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर कानाच्या आतल्या रचनेचा मोठा तक्ता होता. त्यातल्या शंखाला कुणीतरी पेनानं डोळे काढले होते. मी ते बघत असतानाच माझ्या डोक्यामागे फाडकन टाळी वाजली. दचकून वळले, तर मागे एक उंच, वाळका माणूस. बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर, आणि दोन्ही हात अजून टाळीतच जुळलेले.

"बराबर," तो म्हणाला. "डावीकडून वळली. डावा कान जरा जास्त तेज हाय तुझा. उद्यापासून ये."

ही माझी मुलाखत.

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. हिवाळ्यात इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातले बहुतेकजण पुण्याला गेले. मी एकटीनं पुण्यात राहणं आईबाबांना पटत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही. मग बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, की आपल्या हिंगोलीपासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर, कनेरगाव नाक्याला, एकजण 'स्टार्टप' चालवतो. काय बनवतो ते त्या सांगणाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं.

नाक्यावरच्या ढाब्यांच्या रांगेत एक पंक्चरचं दुकान होतं, आणि त्याच्या डोक्यावर ऑफिस. जिन्याच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड: 'ऐकू येत नाही? वर या.' पहिल्या दिवशी तो वाचून मी पत्ता चुकला म्हणून परत फिरले होते. पंक्चरवाल्यानं हाक मारून वर पाठवलं.

बोर्ड जुन्या धंद्याचा होता. टाळी वाजवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'भाऊ' म्हणत. या भाऊंनी आधी कितीतरी वर्षं जिल्हाभर बॅग घेऊन फिरून कानाची मशीन विकली होती. बोर्ड का बदलला नाही असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "धंदा त्योच तर हाय. तवा माणसाला ऐकू आणत होतो, आता डुकराला आणून राहिलो." अजूनही एखादा म्हातारा जिना चढून वर येई. भाऊ हातातलं काम टाकून त्याच्यासमोर बसत, दोन्ही कानांमागे टाळ्या वाजवून बघत, त्याच्या मशीनची बॅटरी बदलून देत, आणि मग पुन्हा डुकरांकडे वळत.

त्या धंद्यानं त्यांना काही सवयी कायमच्या लावल्या होत्या. ते प्रत्येक वाक्य तोंड पूर्ण समोर करून, ओठ उघडून बोलत. महत्त्वाचं वाक्य दोनदा. फोनवरसुद्धा समोरच्याला दिसावं तसे हातवारे. मला याचा फायदा झाला. माझं बोलणं बऱ्याचदा ओठांपर्यंतच येतं, आणि भाऊंना तेवढं पुरायचं. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा मिळे, त्यामुळे मराठी वाक्य बाहेर काढण्याआधी मी ते आत एकदा तपासून घेते. तोवर बहुतेक वेळा विषय बदललेला असतो. भाऊंकडे विषय बदलत नसे. ते थांबत. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मात्र माझं कधी ठरलं नाही. 'सर' म्हटलं तर ते म्हणाले, "सर म्हणू नको, मला हातात छडी असल्यासारखं होतं." 'भाऊ' माझ्या तोंडून निघेना. त्यामुळे मी तीन महिने हाक न मारता बोलता येतील अशीच वाक्यं जुळवत राहिले. जमतं ते.

मशीन दिसायला साधी होती. लोखंडी खांब, वर छोटी सोलर प्लेट, एक डबा, एक भोंगा. आमच्याकडे हरभरा आणि ज्वारी रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या, नीलगायींच्या, तावडीतून वाचवायची तर कुणीतरी रात्रभर रानात जागायचं, शेकोटी पेटवायची, आणि मधूनमधून हाळी द्यायची, म्हणजे लांबलचक ओरडायचं. हे जागणं भोंग्यानं करावं, अशी कल्पना. रात्रभर, कधी लवकर कधी उशिरा, त्यातून निरनिराळे आवाज निघत: कुत्री, ट्रॅक्टर, पत्र्यावर काठी, आणि माणसांच्या हाळ्या.

बाजारात असे भोंगे तयार मिळतात. पण भाऊंचं म्हणणं असं, की ते सगळे परक्या आवाजाचे. "पुसेगावचं डुक्कर वसमतच्या माणसाला काहून भिईल? त्याला काय त्याची वळख?" म्हणून ज्या गावात मशीन लावायची त्या गावच्या राखणदाराचीच हाळी तिच्यात पाहिजे. माझं काम भाऊंबरोबर जाऊन हाळ्या रेकॉर्ड करणं आणि मग ऑफिसात बसून लॅपटॉपवर त्या कापून, स्वच्छ करून मशीनमध्ये भरणं. डबे जोडायचं काम वहिनी करत. पार्टिशनमागून बोललेली बाई तीच. डोळ्यांवर चष्मा, हातात सोल्डरिंग गन, आणि तोंडानं नवऱ्यावर सतत बारीक देखरेख.

"काय म्हणतं आज तुमचं डुक्कर?" त्या विचारत.

"ते बोलत न्हाई, नुसतं ऐकतं. तुझ्यापेक्षा बरं हाय."

हाळी रेकॉर्ड करणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी हाळी कुणाची नाही असं सगळे सांगत होते. बाबा शेतात माझ्यासमोर ताठ उभे राहिले, मी मोबाइल पुढे धरला, आणि ते गप्प.

"द्या ना बाबा हाळी," भाऊ म्हणाले.

"कोणाला देऊ? डुक्कर कुठं हाय?"

"हाय असं समजा."

"समजून कसं वरडावं? मला काय याड लागलं? पोरगी बी उभी हाय समोर."

मी पाठ फिरवून पाहिली. उपयोग झाला नाही. बाबांनी दोनदा घसा खाकरला आणि 'हाड' एवढंच म्हणाले, तेही घरातल्या मांजराला म्हणावं तसं.

भाऊंनी मफलर काढून माझ्याकडे दिला. चपला काढल्या. पॅन्टचे पाय दुमडले आणि काही न सांगता शेजारच्या ज्वारीत ओणवे होऊन शिरले. थोडा वेळ नुसती ताटं हलली. मग नाकातून निघणारा एक आवाज आला. तो त्यांनी कधी आणि कुणाकडून शिकून घेतला होता मला माहीत नाही, पण माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. ज्वारीचं एक ताट मोडलं. बाबांचा चेहरा बघता बघता बदलला, मान पुढे आली, आणि त्या वाळक्या छातीतून जे निघालं ते मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी ऐकलं नाही. 'हाऽऽऽड' पासून सुरू झालेली ती हाळी डुकराच्या आजीपर्यंत जाऊन वळली आणि पुन्हा वर चढली. पाठोपाठ एक ढेकूळही गेलं.

भाऊ पाठ चोळत बाहेर आले, केसांत ज्वारीची पानं. पहिला प्रश्न मला: "आलं का गं बराबर?"

आलं होतं. शिवीसकट. ऑफिसात मी ती शिवी कापायचा खूप प्रयत्न केला, पण हाळीचा सगळा जोर शिवीनंतर येत होता. वहिनींनी कानाला लावून ऐकलं आणि निकाल दिला, "राहू दे. ती काढली तर डुक्कर वाट बघत उभं ऱ्हाईल." ती तशीच मशीनमध्ये गेली. मग बाबांच्या सुनेचा फोन आला, की मामंजी घरात घोरून राहिलेत अन् रानातून रातभर त्यांच्याच शिव्या येऊन राहिल्या, लेकरं हसून राहिलीत, काहीतरी करा.

मी कॉलेजातून काही शब्द घेऊन आले होते. ग्राहक शोधणं, अभिप्राय, बाजारपेठ. दुसऱ्या आठवड्यात मी मोबाइलवर एक छोटा फॉर्म बनवला. मशीन बघितलेल्यांनी पाचपैकी किती चांदण्या द्यायच्या ते बोटानं दाबायचं. वहिनींबरोबर दोन गावं फिरून मी तो भरून आणला. सगळीकडे पाच चांदण्या. मी फोन भाऊंसमोर धरला. मनातून मला शाबासकी हवी होती.

"लई चांदण्या हायत," ते म्हणाले. "कुठं बसून देल्ल्या?"

मला प्रश्न कळला नाही.

"कुठं बसले होते लोक? घरात का रस्त्यावर?"

"घरी. चहा घेताना."

"मग पुसून टाक."

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे येणार हे माहीत होतं.

मग भाऊंनी मला एका जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. कानाच्या मशीनचे दिवस. एका म्हाताऱ्याच्या घरी ते गेले, मुलानं आग्रहानं बसवलं, चहा, वर पोहे. म्हाताऱ्याच्या कानाला मशीन लावली, विचारलं, ऐकू येतं का? म्हातारा म्हणाला, लई बेस. मुलगा खूश, भाऊ खूश. पुढच्या दसऱ्याच्या सुमारास भाऊ त्याच गावात होते म्हणून सहज डोकावले. घरात शस्त्रपूजा मांडलेली. विळे, कुऱ्हाड, पाना, ट्रॅक्टरची किल्ली, आणि त्या रांगेत ती कानाची मशीन. हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल.

"मशीनची पूजा झाली," भाऊ म्हणाले, "अन् म्हातारा तसाच बहिरा. मी इचारलं, काहून लावत न्हाई? तर म्हणला, कानात कुईई करती. मग त्या दिवशी का न्हाई सांगितलं? तर म्हणला, तुमी पाहुणे होतात की."

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली होती. धंद्याचं बोलणं घरात करायचं नाही. गाडी रस्त्यावर स्टँडला लावायची आणि तिथंच उभं राहून विचारायचं. माणूस 'आत या की' म्हणाला, तर उत्तर ठरलेलं: "आधी न्हाई म्हणा, मग चहाला येतो." लोकांना हे विचित्र वाटे. काहींना अपमान वाटे. एका गावात एक मोठे शेतकरी चांगलेच तापले होते.

"आमच्या चहात काय वीख हाय का?"

"वीख न्हाई, साखर हाय," भाऊ म्हणाले. "साखर पोटात गेली की तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई, अन् मला खरं इचारता येत न्हाई. दोघांची तकलीफ."

आणि कुणी खरंच 'नाही' म्हटलं, की त्यांचा चेहरा खुले. खिशातले हात बाहेर येत. का नाही, कशासाठी नाही, हे ते उन्हात उभं राहून खोदून खोदून विचारत. एकानं सांगितलं, तुमच्या भोंग्यानं डुक्कर पळेल, पण माझं तान्हं लेकरू बी उठून बसेल, घर रानातच हाय माझं. त्यातून भोंग्याचं तोंड वळवायची कळ निघाली. नकार देणाऱ्याकडे मग ते चहा तर घेतच, कधी भाकरीही खात. 'घरातला हो पाहुण्याला असतो, मशीनला नसतो,' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की मला ते झोपेतही येई.

मला काही विचारायचं असलं तरी ते ऑफिसात विचारत नसत. जिन्यात, नाहीतर खाली एसटीची वाट बघत असताना. एकदा असंच म्हणाले, "हे काम आवडतं का तुला? खरं सांग."

"हो," मी म्हणाले.

ते वाशिमकडून येणाऱ्या बसकडे बघत राहिले. "तू रस्त्यावर बी घरातलाच हो म्हणती," ते म्हणाले. रागानं नाही. एखाद्याच्या कानाची तपासणी करून सांगावं तसं.

बस आली म्हणून मी सुटले. पण घरी जाईपर्यंत त्याच वाक्याभोवती फिरत होते. मला काम आवडत होतं. मग माझा हो खोटा कसा? की तो खरा असूनही ऐकणाऱ्याला ओळखता येऊ नये, असाच मी वापरते?

आता एका मावशींबद्दल सांगायला हवं. पुसेगावच्या बाजूला एक तांडा आहे. तिथल्या बायकांचा बचत गट या मावशी चालवत. त्यांचा हरभरा ओढ्याकाठी होता, आणि डुकरं ओढ्यातूनच वर येत. ठरलं असं, की मशीन आधी त्यांच्या रानात लावायची. ती चालली, तर गटातल्या सगळ्याजणी आपल्या साठवलेल्या पैशांतून एकेक घेणार. मावशी रानात उभ्या राहूनच हो म्हणाल्या होत्या, म्हणून भाऊंचा त्या होवर भरवसा होता. हाळीही मावशींचीच होती. त्यांना डुकराची गरज पडली नाही. त्यांनी पदर खोचला, ओढ्याकडे तोंड केलं आणि दिली.

पहिले पंधरा दिवस बांधावर एक खूर उमटला नाही. भाऊ सकाळी सकाळी गाडीवर जाऊन ओली माती बघून येत आणि जिन्यातूनच ओरडत, "कोरं हाय रान, कोरं." नंतर कामं वाढली आणि त्यांचं जाणं सुटलं. मावशींना फोन केला की त्या म्हणत, चालून राहिलं, लई बेस.

जानेवारीच्या शेवटी मी आणि वहिनी मशीनमधले आवाज बदलायला तिकडे गेलो. सकाळची वेळ होती. मी खांबाजवळ गेले आणि खाली बघितलं. खांबाच्या अगदी बुडाशी माती उकरलेली होती, आणि आजूबाजूचा हरभरा मुळासकट आडवा. भोंग्याच्या बरोबर खाली. डुकरं नुसती आली नव्हती, तिथं निवांत थांबली होती. जरा पलीकडे राखेचा ढीग होता, त्याच्याशेजारी एक बाज, आणि बाजेवर घडी केलेली गोधडी.

मावशी मागून आल्या. वहिनींनी बाजेकडे बोट केलं. "हे काय हो मावशी? रानात झोपता का तुमी?"

"न्हाई, तसं न्हाई," मावशी म्हणाल्या. गोधडी उचलून त्यांनी काखेत धरली. "मशीन चांगलीच हाय तुमची. एकटीच उभी ऱ्हाते बिचारी रातभर, म्हणून येते सोबतीला."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की क्षणभर मला ते पटलं. मग वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं. आत काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता त्या डब्याकडेच बघत राहिलो. मी मावशींच्या नकळत राखेचा आणि बाजेचा फोटो काढला.

तो फोटो मी भाऊंना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"राख ताजी होती?"

मी मान हलवली.

"बाजेचं तोंड कुणीकडं?"

"भोंग्याकडे."

त्यांनी मफलर काढला, घडी घातली, परत गळ्यात घातला. वहिनींची सोल्डरिंग गन बाजूला चुरचुरत होती. मला वाटलं आता ते गाडीची किल्ली उचलतील. ते म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ दे. मग बघू."

'बघू' मी गावोगाव ऐकलं होतं. भाऊंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पाहुणे म्हणजे पुण्याचे एक गृहस्थ. नव्या धंद्यांत पैसे लावणारे. त्यांनी मनावर घेतलं तर मशीन गावोगाव जाणार होती. नाही घेतलं, तर होळीनंतर भाऊ पुन्हा बॅग उचलून कान तपासत फिरायला लागणार होते. हे मला वहिनींनी सांगितलं, मान वर न करता. "त्यांला न्हाई ऐकून घ्यायची आवड हाय ना," त्या म्हणाल्या. "पण ते दुसऱ्याच्या दारात. आपल्या दारात कोणाला आवडतं?"

पाहुण्यांना यंत्र वापरणारी खरी माणसं बघायची होती. त्यांना तांड्यावर न्यायचं ठरलं. दुपारचं ऊन होतं. भाऊंनी नेहमीप्रमाणे गाडी रस्त्यावरच उभी करवली आणि ते तिथंच थांबले. मावशी दारातून म्हणाल्या, "आत या की, उन्हात काहून उभे?" भाऊ काहीतरी म्हणणार तोवर पाहुण्यांनी बूट काढले आणि ते वाकून आत गेले. भाऊ क्षणभर रस्त्यावर एकटे उरले. मग तेही चपला काढून आत आले. त्यांच्यामागून मी.

गटातल्या बायका भिंतीकडेला बसल्या होत्या. पाहुण्यांना खुर्ची, आम्हाला सतरंजी. माणूस चांगला होता, हे सांगायला हवं. मावशींशी हात जोडून बोलले, रानाबद्दल नीट विचारलं. चहा आला. भाऊंनी कप हातात घेतला आणि नुसता धरून बसले. मी त्या कपाकडेच बघत होते. साखर अजून पोटात गेली नव्हती, अजून त्यांनी खरं विचारलं तर चालण्यासारखं होतं.

"मशीन कशी वाटली, मावशी?" पाहुण्यांनी विचारलं.

"लई चांगली हाय," मावशी म्हणाल्या. "आता डुकराचा घोरच न्हाई."

"बाकीच्यांना घ्यायची आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "घेऊ की." दुसरी म्हणाली, "सगळ्याच घेऊ." तिसरीनं पाहुण्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

पाहुणे भाऊंकडे बघून हसले. भाऊंनी चहाचा घोट घेतला.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते खोटं बोलत नव्हते, काही बोलतच नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या कानांशी खटपट केलेला तो माणूस त्या क्षणी स्वतः न ऐकण्याचा प्रयत्न करत होता, आणि ते त्यांना जमत नव्हतं. कप बशीवर टेकला तेव्हा वाजला. मावशींची गोधडी दाराआड खुंटीवर होती. कडेला राखेचे डाग होते.

पाहुणे माझ्याकडे वळले. मी विद्यार्थिनी आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, की तू इथं काय शिकलीस?

इंग्रजीत सांगणं मला सोपं होतं. वाक्यं तयार होती, तपासायचीही गरज नव्हती. मी सगळं खरं सांगितलं असतं, आणि ते आमच्या तिघांत राहिलं असतं. भाऊंना तेवढं इंग्रजी कळत होतं. भिंतीकडेला बसलेल्या बायकांना मात्र काही कळलं नसतं. त्यांनी हसून माना डोलावल्या असत्या, आणि पुढच्या बैठकीत पैसे काढले असते.

भाऊ माझ्याकडे बघत होते. सांग किंवा सांगू नको, यातलं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी पाहुण्यांकडून मान वळवली. मावशी चहाची किटली घेऊन माझ्यासमोर वाकल्या होत्या. तीन महिन्यांत त्या तांड्यावर माझा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो निघाला तेव्हा हवा होता त्यापेक्षा मोठाच निघाला, आणि ओसरीवरच्या शेळीनंसुद्धा मान वर केली.

"मावशी, यंदा घेऊ नका. डुकरांनी आमची मशीन ओळखली आहे."